सात चित्रांचा समुद्र

मित्रमंडळींच्या गप्पांत एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. 'तू पहिल्यांदा समुद्र कुठे पाहिलास?' कुणी जुहू म्हणतं, कुणी गणपतीपुळे, आणि एखादी जरा भाव खात 'गोवा... तेव्हा मी पाच वर्षांची होते' असं सांगते. माझं उत्तर ऐकलं की सगळे हसतात. कारण मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मालेगावात! कॅम्पातल्या आमच्या घराच्या ओट्यावर, भर दुपारी, लाइट गेलेली असताना.

मालेगाव म्हणजे मुंबई-आग्रा हायवेवरचं, मुंबईपासून जवळपास पावणेतीनशे किलोमीटर आत असलेलं गाव. मोसम आणि गिरणा या आमच्या नद्या. पावसाळ्यात पूर आला की पुलावर गर्दी करून तो बघायचा, हेच आमचं 'वॉटर टुरिझम'. बाकी वर्षभर गावाला एकच आवाज असतो, पॉवरलूमचा. खटाखट, खटाखट, रात्रंदिवस. माझ्या लहानपणी लोडशेडिंग जोरात होतं. लाइट गेली की अख्खी गल्ली एकदम गप्प व्हायची. आमच्या घरामागे आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, चार लूम होते. तेही थांबायचे. मग आबा हात पुसत ओट्यावर यायचे आणि मी कपाटातून तो काळा डबा काढायचे.

व्ह्यू-मास्टर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात तो असेल, निदान मोठ्या भावंडांच्या खेळण्यांत तरी. दुर्बिणीसारखा डोळ्यांना लावायचा, उजेडाकडे तोंड करायचं आणि बाजूचा खटका खाली ओढायचा. आमच्याकडे त्याची एकच चकती होती, कुठल्या तरी परदेशी समुद्रकिनाऱ्याची. मधलं छापील नाव घासून गेलं होतं, त्यामुळे तो देश कुठला ते मला आजही माहीत नाही. सात चित्रं. पहिल्या चित्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची छत्री, तिच्याखाली टॉवेल, त्यापलीकडे वाळूत खेळणारी दोन पोरं आणि मग लांबच लांब निळं पाणी. छत्री इतकी जवळ की हात लावावासा वाटायचा. मी खरंच हात पुढे करायचे आणि आबा हसायचे.

'आबा, तुम्ही बघा ना. बघा किती लांबपर्यंत आहे!'

आबा डबा डोळ्यांना लावायचे, थोडा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, 'लई खोल आहे गं पोरी. लई खोल.'

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दोन डोळ्यांचा हिशेब

मध्यंतरी मला एक असाइनमेंट मिळाली. फ्रीलान्सरच्या नशिबी येतात तशी, विषय मोठा आणि डेडलाइन छोटी. जुन्या काळातली ट्रॅव्हल फोटोग्राफी. पुण्यातल्या माझ्या रूमवर बसून वाचायला लागले आणि पहिल्याच दिवशी तो काळा डबा पुन्हा समोर आला. कारण व्ह्यू-मास्टर हा दिसतो त्यापेक्षा बराच म्हातारा आहे.

गोष्ट सुरू होते १८३८ मध्ये. फोटोग्राफीची जाहीर घोषणासुद्धा व्हायची होती तेव्हा. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आपल्या दोन डोळ्यांना एकच दृश्य थोडं वेगवेगळं दिसतं आणि मेंदू त्या दोन चित्रांमधल्या फरकावरून खोली ओळखतो. पटत नसेल तर आत्ता ऑफिसमध्ये बसल्या बसल्या करून बघा. अंगठा नाकासमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो की नाही? ही उडी म्हणजेच खोली. व्हीटस्टनने दोन आरसे लावून, हाताने काढलेल्या आकृत्यांवर हे सिद्ध केलं. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगं वापरून हातात धरता येईल असा स्टिरिओस्कोप मांडला. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि मग काय, क्रेझच आली. १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली. घर तिथे स्टिरिओस्कोप, अशा थाटाची तिची जाहिरात होती. चारच वर्षांत तिच्या यादीत जवळपास लाखभर चित्रं होती म्हणतात. आज आपण दिवाणखान्यात बसून रिमोट दाबतो ना, तसं तेव्हाचं मध्यमवर्गीय कुटुंब जेवणानंतर पुठ्ठ्यावर चिकटवलेली जोड-चित्रं एकामागून एक बघत बसायचं.

आणि त्यातलं एक लाडकं दृश्य कुठलं? समुद्रकिनारा!

कारण नेमक्या त्याच काळात लोक समुद्राकडे धावायला लागले होते. त्याआधी किनारा म्हणजे मासेमारांची जागा. अठराव्या शतकाच्या मध्यात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राचं पाणी औषध म्हणून सांगितलं. अंघोळीलाही आणि चक्क प्यायलाही! मग श्रीमंत मंडळी ब्रायटनला जाऊ लागली. बायकांना कुणी बघू नये म्हणून चाकांवरच्या लाकडी खोल्या थेट पाण्यात ढकलत नेत आणि त्या आतून पाण्यात उतरत. पुढे १८४१ मध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे सुरू झाली आणि समुद्र कारकुनाच्या, दुकानातल्या नोकराच्या आवाक्यात आला. सकाळी निघा, संध्याकाळी परत या. १८७१ च्या कायद्याने बँकांना ठराविक सुट्ट्या मिळाल्या आणि त्या दिवशी किनारे नुसते फुलून जायला लागले. आपल्या लाँग वीकेंडचे खापरपणजोबाच म्हणा ना!

सुट्टी संपवून घरी परतताना माणसाला काही तरी न्यावंसं वाटतं. स्टिरिओचं कार्ड हे असं नेता येणारं होतं. आणि ज्यांना जाणं परवडत नव्हतं, त्यांना तोच समुद्र घरात बसून बघता यायचा. अडचण एकच होती, लाटा. तेव्हाच्या काचेवरच्या फोटोला काही सेकंद उजेड द्यावा लागायचा. तेवढ्यात लाट कुठच्या कुठे, आणि फोटोत नुसतं दूध सांडल्यासारखं धुकं. पण स्टिरिओचे फोटो आकाराने छोटे असत. त्यांना आखूड भिंग चालायचं आणि वेळ कमी लागायचा. त्यामुळे १८६० च्या आसपास जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनसारख्या स्कॉटिश फोटोग्राफरने या छोट्या चित्रांत हलता समुद्र पकडून दाखवला.

आपल्याकडेही हे वेड लगेच पोचलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तीही १८५४ मध्येच, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षी. पुढे अमेरिकेच्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने जेम्स रिकाल्टन या शिक्षकी सोडून जगभर हिंडणाऱ्या फोटोग्राफरच्या १०० स्टिरिओ चित्रांचा भारताचा संच विकला. त्यात मुंबईही होती. सोबतचं पुस्तक १९०७ चं. नकाशा समोर ठेवायचा, डबा डोळ्यांना लावायचा आणि घरबसल्या हिंदुस्थान फिरून यायचं.

व्ह्यू-मास्टर या सगळ्याचा नातू. १९३९ मध्ये तो अमेरिकेत बाजारात आला. विल्यम ग्रूबर नावाच्या पियानो दुरुस्त करणाऱ्या माणसाची कल्पना. तो पोरांचं खेळणं म्हणून आलाच नव्हता. पोस्टकार्डाला पर्याय म्हणून, पर्यटकांसाठी आला होता. एका चकतीवर १४ छोट्या फिल्म, म्हणजे सात जोड्या. एक डाव्या डोळ्याला, एक उजव्या.

इथपर्यंत मी मजेत टाइप करत होते. मग वाक्य आलं, 'हा परिणाम दिसण्यासाठी दोन्ही डोळे चांगले असणं आवश्यक आहे.'

माझे हात कीबोर्डवरच थांबले.

धोटा

आबांना डावा डोळा नाही.

ही घरात कधीच लपलेली गोष्ट नव्हती. १९८१ मध्ये, आबा तिशीत असताना, चालू लूममधून धोटा उडाला. ज्यांनी लूम पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावणारा लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. वेगात असतो. एखादवेळी वाट चुकतो आणि बाहेर येतो. आबा त्या वेळी वाकून तुटलेला धागा सांधत होते.

मालेगावात जमेना म्हणून मनमाडपर्यंत एसटी आणि तिथून रेल्वे, असं त्यांना मुंबईला नेलं. सतरा दिवस राहिले. डोळा वाचला नाही. परत यायच्या दिवशी, चेहऱ्यावर पट्टी असताना, सोबतच्या भावाला त्यांनी बाजारात थांबवलं आणि आठ वर्षांच्या मुलासाठी, म्हणजे माझ्या पप्पांसाठी, एक खेळणं घेतलं. दुकानदाराने सांगितलं, यातून समुद्र दिसतो.

मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती. 'आबांनी मुंबईहून व्ह्यू-मास्टर आणला.' 'आबांचा डोळा मुंबईत गेला.' दोन वेगवेगळ्या गोष्टी म्हणून ऐकल्या होत्या. एका माणसाने एक डोळा गमावला त्याच फेरीत दोन डोळ्यांचं खेळणं विकत घेतलं, हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली मी, लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारी!

मग एकेक आठवायला लागलं. आबा चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायचे. आम्ही म्हणायचो, आबांची स्टाइल. एसटीत त्यांना खिडकीच लागायची आणि प्रवासभर ते झोपत नसत. बोलताना मान जराशी हलवत राहायची सवय, कबुतरासारखी. हे सगळं मी त्याच संध्याकाळी वाचलं. एका डोळ्याच्या माणसाला खोली वेगळ्या रस्त्याने शोधावी लागते. काय कशाच्या आड आहे, काय लहान दिसतंय, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे आपण हललो की काय किती सरकतंय. जवळचं भराभर सरकतं, लांबचं सावकाश. खिडकीतून धावणारी बाभळीची झाडं आणि जागच्या जागी उभे डोंगर. आबांचा मेंदू तिथे बसून रोजचा हिशेब करत होता. आम्हाला वाटायचं, त्यांना शेतं बघायला आवडतात.

पण व्ह्यू-मास्टरमधलं चित्र हलत नाही. तिथे मान हलवून उपयोग नाही. आबांना इतकी वर्षं त्या डब्यात दिसत होतं ते एक साधं, सपाट, रंगीत चित्र.

रात्री साडेनऊला फोन लावला.

'आबा, एक विचारू? व्ह्यू-मास्टरमध्ये तुम्हाला ते खोल खोल दिसायचंच नाही ना?'

पलीकडे जरा शांतता. मागे लूमचा आवाज. आमचे विकले गेले, पण गल्लीतले चालूच आहेत.

'नाही दिसायचं,' आबा म्हणाले. 'तुझ्या बापालाही मी तेच सांगितलं होतं, लई खोल आहे म्हणून. पोरगं एवढं नाचत होतं. त्याला काय सांगणार, मला नाही दिसत म्हणून?'

'आणि खरा समुद्र?'

'खरा कुठं पाहिला? मुंबईत होतो तेव्हा डोळ्यांवर पट्टी. नंतर लग्नाकार्याला गेलो, पण तिकडं पाय वळलाच नाही. आणि आता काय... समुद्र म्हणजे सगळी खोलीच. एका डोळ्याला काय दिसणार?'

गेट वे ते मांडवा

गेल्या जानेवारीत पप्पा आबांना घेऊन मनमाडहून निघाले. (मालेगावला अजूनही रेल्वे नाही. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हा आबा म्हणाले होते, आता समुद्रच इकडं येईल.) मी पुण्याहून आले. सीएसएमटीला भेटलो. आबा अजून बोरीबंदरच म्हणतात. तिथून टॅक्सीने गेट वे आणि गेट वेहून अलिबागसाठी मांडव्याची बोट. थोडे जास्त पैसे देऊन वरच्या डेकवर बसलो.

बोट सुटायची होती. आबा पाण्याकडे बघत गप्प बसले होते. मला राहवेना. 'कसा वाटला?'

'सपाट आहे,' आबा म्हणाले. 'नांगरून ठेवलेल्या वावरासारखा.'

माझा चेहरा पडला असणार. एवढा घाट घातला आणि हे! पप्पा काहीच बोलले नाहीत.

मग बोट हलली. पाच-सात मिनिटं गेली असतील. आबांची मान ताठ झाली. त्यांनी कठडा धरला.

'अरे... ते बघ. ती होडी पळाली. आणि तिच्यामागचं ते मोठं जहाज हळू चाललंय. चाललंय म्हणजे उभंच आहे ते, आपण चाललोय. आणि त्याच्यामागून ते बघ, आणखी एक निघालं. ते तर दिसतच नव्हतं!'

बंदरात नांगर टाकून उभी असलेली जहाजं एकमेकांच्या आडून बाहेर येत होती. जवळची भराभर मागे जात होती, लांबची रेंगाळत होती आणि त्यांच्यामागचे उरणकडचे डोंगर जागचे हलत नव्हते. एसटीची खिडकीच, फक्त केवढी तरी मोठी. तासभर आबा मला सांगत होते, कोण जवळ, कोण लांब, कोण कुणाच्या किती मागे. आजूबाजूची मंडळी सीगलना वेफर्स टाकत सेल्फी काढत होती. त्या अख्ख्या बोटीत समुद्राची खोली आबांइतकी कुणी मोजली असेल असं मला वाटत नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसलो. समोर कुलाबा किल्ला, ओहोटीच्या पाण्यातून तिकडे जाणारे टांगे, पलीकडे क्षितिज. मी गुपचूप डावा डोळा मिटला. समोरच्या पोराचा चेंडू, टांग्याचं चाक, सगळं किंचित चपटं झालं. मग नजर क्षितिजावर नेली. डोळा उघडला, मिटला, उघडला. काहीच फरक नाही!

आणि मग लेखासाठी वाचलेलं ते गणित डोक्यात पेटलं. आपल्या डोळ्यांमधलं अंतर जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. त्या फरकावर दिसणारी खोली थोड्या अंतरापर्यंतच काम करते. काहीशे मीटरपलीकडे दोन्ही डोळ्यांना जवळपास एकच चित्र दिसतं. म्हणजे लांबचा समुद्र सगळ्यांनाच सपाट! म्हणून तर स्टिरिओ फोटोग्राफर किनाऱ्यावर गेले की पुढे काही तरी घ्यायचे, एखादी होडी, कठडा, छत्रीवाली बाई. समुद्राला स्वतःची खोली नसते. ती येते पुढ्यात असलेल्या माणसांमुळे आणि वस्तूंमुळे. माझ्या त्या सात चित्रांतला समुद्र खोल होता तो त्या लाल-पांढऱ्या छत्रीमुळे.

हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

'म्हणजे तिकडं लांब, तुलाही माझ्यापेक्षा जास्त काही दिसत नाही?'

'नाही आबा. तिथे माझे दोन आणि तुमचा एक, सारखेच.'

'बरं झालं,' आबा म्हणाले आणि मनापासून हसले. 'चाळीस वर्षं वाटत होतं, लई मोठं काही तरी राहून गेलं.'

पप्पा वाळूत रेघा मारत होते. वर न बघता म्हणाले, 'मला माहीत होतं. शाळेत सायन्सच्या सरांनी डोळ्याचा धडा शिकवला तेव्हाच कळलं. घरी येऊन मी तुम्हाला परत विचारलं होतं, आबा, दिसतंय का? तुम्ही म्हणालात, लई खोल. मग मीही काही बोललो नाही.'

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग नुसतं 'हं' म्हणाले. आमच्या घरात एवढंच बोलतात.

सूर्य खाली आला होता. मी मोबाइल काढून आबांचा फोटो घ्यायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

'माझा कशाला? तू जा, पाण्यात उभी राहा.'

'मी?'

'हां. तू पुढं उभी राहिलीस म्हणजे मला कळेल, समुद्र किती मागं आहे ते.'

मी चपला काढल्या, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभी राहिले. मागे वळून बघितलं तर आबा वाळूत बसून मान हळूहळू हलवत होते. इकडे, तिकडे, इकडे.

'दिसतंय का?' मी ओरडून विचारलं.

या वेळी त्यांनी उत्तर द्यायला घाई केली नाही.